तुम्ही कधी जाणार?

मला कोणी विचारलंच नव्हतं, ही पहिली गोष्ट. रविवारच्या उपासनेनंतर चर्चमध्ये माझ्या धाकट्या जावेने माइक हातात घेतला आणि भर मंडळीसमोर जाहीर करून टाकलं, की यंदाच्या सेवा-सहलीत त्या लांबच्या बालगृहातल्या अठ्ठावीस अनाथ मुलांना नवे कपडे मिळणार, "कारण आमच्या वहिनी तिथे येऊन शिवणार आहेत." टाळ्या पडल्या. मी मागच्या बाकावर पर्समध्ये खोकल्याची गोळी शोधत होते. टाळ्या पडून गेल्यावर उभं राहून नाही कोण म्हणणार?

तीस वर्षं मी एकाच गाळ्यात बसून शाळेचे गणवेश शिवतेय. पोरांची मापं घेण्यात माझा हात कोणी धरणार नाही. लेक सासरी गेल्यापासून घरात मी, नवरा आणि मशीन असे तिघंच, आणि त्यातलं बोलणारं म्हणाल तर मशीन. तेव्हा म्हटलं, जाऊन येऊ. पाच दिवसांचा तर प्रश्न. सोमवारी पोचायचं, शुक्रवारी दुपारी निघायचं.

आम्ही आठ जण होतो. पाळकसाहेब, मी, जाऊ, आणि तरुण संघातली पाच पोरंपोरी, ज्यांना दुसऱ्याच्या भिंती रंगवायची भारी हौस. बालगृह म्हणजे एक लांबलचक बैठी इमारत, मागे विहीर, पुढे मोठं पटांगण. ते चालवणाऱ्या बाईंना सगळे मोठ्या बाई म्हणत. स्वयंपाकघरात एक स्वयंपाकीणबाई. मला मशीन मांडायला कोठीची खोली मिळाली. तिच्या खिडकीतून थेट फाटक दिसायचं. फाटकाच्या आत पत्र्याच्या शेडखाली सहा बाकं ओळीने ठेवलेली, घासून घासून गुळगुळीत झालेली, आणि सगळी रिकामी. मुलं पटांगणभर धुडगूस घालायची, पण त्या बाकांवर चुकूनसुद्धा बसायची नाहीत.

"ती बाकं कशाला हो?" मी मोठ्या बाईंना विचारलं.

"अशीच आहेत," त्या म्हणाल्या आणि लगेच आत गेल्या. अशीच असलेली बाकं एवढी गुळगुळीत कशी होतात, ते मला कळलं नाही. पण म्हटलं, आपल्याला काय करायचंय.

मंगळवारी मापं घेतली. सत्तावीस पोरं शहाण्यासारखी हात वर करून उभी राहिली. अठ्ठाविसावी मात्र दारातच अडली. नऊ-दहा वर्षांची, काटकुळी, आणि नजर अशी की टोचावी. मी मनातल्या मनात तिचं नाव टाचणी ठेवलं, आणि माझं मनातलं तोंडावर यायला वेळ लागत नाही, त्यामुळे दुपारपर्यंत सगळं बालगृह तिला टाचणी म्हणायला लागलं.

"ये गं, माप देऊन टाक."

"मला नको नवा फ्रॉक."

"का? हा बघ केवढुसा झालाय." तिच्या अंगातला हिरवा फ्रॉक गुडघ्यांच्या वर चांगला चार बोटं गेला होता. मी सवयीने खाली वाकून त्याचा घेर उलटून बघितला आणि थबकलेच. आतून कोणीतरी तीन दुमडी घातल्या होत्या, एकीवर एक, वाढत्या अंगाच्या पोरीसाठी घालतात तशा. पहिल्या दोन उसवून झालेल्या होत्या. तिथलं कापड कोऱ्यासारखं गर्द हिरवं, दोन पट्टे उठून दिसत होते. तिसरी दुमड अजून तशीच होती. हातशिलाई, पण टाका असा एकसारखा की मशीनने लाजावं. इथे असा हात कोणाचा? मोठ्या बाईंना साधं बटण लावता येत नव्हतं. स्वतःचंच माझ्याकडे घेऊन आल्या होत्या.

"अगं, आत अजून एक दुमड आहे की! एक दोरा ओढला की गुडघ्याखाली येईल," म्हणत मी कात्री उचलली.

"नको! हात लावू नका!" टाचणीने दोन्ही मुठींत घेर आवळून धरला आणि भिंतीला जाऊन चिकटली. मी कात्री हातात धरून बघतच राहिले. फुकटात फ्रॉक लांब होतोय, आणि ही अशी ओरडते जशी काही मी तिचं बोट कापतेय!

मी कात्री खाली ठेवली. ती तरी गेली नाही. दारात उभी राहून तिने विचारलं, "मावशी, तुम्ही कधी जाणार?"

"शुक्रवारी."

"नक्की?"

"नक्की गं बाई."

तिने मान डोलावली आणि धूम पळाली.

बुधवारी सकाळी मी मशीनमध्ये दोरा ओवते न ओवते तोच खिडकीत टाचणी. "मावशी, शुक्रवारी सकाळी जाणार की दुपारी?" जेवणाच्या वेळी पुन्हा शेजारी येऊन, "शुक्रवारी पाऊस आला तरी जाणार?" संध्याकाळी विहिरीवर, "गाडी बिघडली तर?" आता सांगते, मी काही लोण्याची नाही. गिऱ्हाइकं मला टरकून असतात. पण मी विरघळले. माझी पोटची पोर सासरी जाताना गाडीत बसली ती खिडकीची काच वर करूनच. आणि इथे दोन दिवसांची ओळख, तर हे लेकरू माझ्या जाण्याचे तास मोजतंय!

हे मी जावेला सांगितलं. जरा रंगवूनच सांगितलं असेल.

"मला नाही कोणी विचारलं," ती ओठ मुडपून म्हणाली. तिने तीन दिवस घसा फुटेस्तोवर गाणी शिकवली होती. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं, खोटं कशाला बोलू.

तशीच उठले आणि पाळकसाहेबांकडे गेले. "पाळकसाहेब, लेकरांना आपला लळा लागलाय. शुक्रवारी कसे निघणार? सोमवारपर्यंत राहू या. रविवारची उपासनाही इथेच होईल." पाळकसाहेब भला माणूस. त्यांना फक्त कोणीतरी ठासून सांगावं लागतं. ते हो म्हणाले. ड्रायव्हर मात्र कुरकुरला. शनिवारी त्याचं दुसरं भाडं ठरलेलं होतं. "मग मी आत्ताच जातो, सोमवारी न्यायला येतो," म्हणाला आणि गाडी घेऊन गेलाही.

गुरुवारी नाश्त्याला सगळी मुलं रांगेत बसलेली. पाळकसाहेब उठले, हसले आणि म्हणाले, "बाळांनो, एक आनंदाची बातमी! आम्ही उद्या जात नाही. सोमवारपर्यंत तुमच्याबरोबरच आहोत!"

एकाही पोराने टाळी वाजवली नाही. पिंट्या नावाचं सगळ्यात धाकटं पोर होतं, त्याने भोकाडच पसरलं. स्वयंपाकीणबाईंच्या हातातला डाव पातेल्यात पडला. मोठ्या बाई खिडकीबाहेर बघायला लागल्या. पाळकसाहेबांचं हसू तोंडावर तसंच राहून गेलं, आणि जाऊ मला कोपराने ढोसत कुजबुजली, "वहिनी, हाच का तो लळा?"

मी टाचणीला शोधत होते. ती जागेवर नव्हती.

ती कोठीच्या खोलीत होती. मी दारात दिसताच तिने माझा खडूंचा डबा उचलून जमिनीवर आपटला. "तुम्ही शुक्रवारी जाणार म्हणाला होतात! नक्की म्हणाला होतात!" आणि माझ्या बगलेखालून निसटून पळाली. मी खाली बसून खडूचे तुकडे गोळा करायला लागले. माझं डोकं पार चक्रावलं होतं. राहा म्हणून रडायचं, ते ही राहिलो म्हणून रडतेय. आपण ह्या पोरांना केलं तरी काय? कपडे शिवले, भिंती रंगवल्या, गाणी म्हटली. कुठे चुकलं?

सरळ स्वयंपाकघरात गेले. स्वयंपाकीणबाई पातेल्यातून डाव काढत होत्या.

"मला सांगा काय ते. आडपडदा नको."

त्यांनी आधी दार लोटलं. "बाई, शनिवारी ह्यांच्या आया येतात."

"कोणाच्या?"

"ह्यांच्याच की. वीस-बावीस जणांना कोणी ना कोणी आहे. आई, बाप, नाहीतर आजी. दर शनिवारी येतात, त्या बाकांवर बसतात. पाहुणे आले की येऊ नका म्हणून निरोप जातो."

"पण ही मुलं तर अनाथ..." मी म्हटलं आणि माझंच मला ऐकू आलं.

"तसं पत्रात असतं," त्या म्हणाल्या. "कामाच्या ठिकाणी पोरं ठेवू देत नाहीत, म्हणून इथे ठेवतात. शाळा आहे, जेवण आहे. तुमच्या टाचणीची आई रविवारी पहाटे फळं तोडायच्या कामावर चाललीय, लांब, आठ महिन्यांसाठी. मागच्या शनिवारी सांगून गेली, पुढच्या शनिवारी येते आणि फ्रॉकची तिसरी दुमड सोडते. पहिल्या दोन पोरगी सोडते, तिसरी आईच्या हातची. त्या दोघींचं तसं ठरलेलंच आहे. आता पाहुणे राहिले म्हणजे परवाचा निरोप गेलाच."

म्हणजे पोर दोन दिवस माझ्या जाण्याचे तास मोजत होती ते अगदी खरं. फक्त मी तिथे तिची लाडकी मावशी नव्हते, वाटेतला धोंडा होते. आणि शुक्रवारचा सोमवार केला तो दुसऱ्या कोणी नाही, मीच.

मोठ्या बाईंच्या खोलीत मी आवाज चढवूनच शिरले. "तुम्ही आम्हाला फसवलंत!"

त्या चिडल्या नाहीत. दमलेल्या दिसल्या. "तुमच्या मंडळीचं पत्र आहे माझ्याकडे. अनाथ मुलांमध्ये सेवा करायची आहे, असं लिहिलंय. मी एकदा खरं लिहिलं होतं, दुसऱ्या एका मंडळीला. ते आलेच नाहीत. म्हणाले, आईबाप आहेत तर त्यांनी बघावं. त्या हिवाळ्यात माझ्या मुलांना पांघरुणं नव्हती. आता तुम्ही सांगा, मी काय लिहू?"

चूक त्यांची म्हणावी तर पांघरुणं आडवी येत होती, आमची म्हणावी तर आम्ही वाईट मनाने आलो नव्हतो. आजही कोणी विचारलं तर मला ठामपणे बोलता यायचं नाही. पण शनिवार परवावर आला होता, तेवढं मला कळत होतं.

"त्या आयांना बोलवा," मी म्हटलं. "शनिवारी आम्ही इथे नसू."

"जाणार कुठे? गाडी तर गेली."

"ते मी बघते."

पाळकसाहेबांना आणि जावेला मी विहिरीपाशी गाठून सगळं सांगितलं. पाळकसाहेब कठड्यावर वाकून पाण्यात बघायला लागले. जाऊ मात्र उसळली. "म्हणजे अनाथ नाहीतच? मी मंडळीसमोर काय तोंड दाखवू? शनिवारी कपडे वाटायचा कार्यक्रम ठरलाय, फोटो काढायचेत!"

"तुझे फोटो गेले खड्ड्यात!" मी म्हणाले. पाळकसाहेबांसमोर म्हणाले, नंतर माफीही मागितली. "त्या पोरीची आई आठ महिने दिसणार नाही गं. आपण पाहुणे आहोत, आपण उठून जायचं. साधी गोष्ट आहे."

"चार किलोमीटरवर एक छोटं चर्च आहे," पाळकसाहेब पाण्याकडे बघतच म्हणाले. "तिथल्या मंडळीला भेटून यावं असं माझ्या कालपासून मनात होतं." त्यांच्या मनात काही नव्हतं, मला ठाऊक आहे. पण त्या क्षणी मला ते फार मोठे वाटले.

"चालत?" जावेने स्वतःच्या उंच टाचांच्या सँडलकडे बघितलं.

निरोप पाठवायचं स्वयंपाकीणबाईंनी अंगावर घेतलं. गावोगावच्या दुकानांत फोन लावले. टाचणीच्या आईच्या वस्तीवरच्या दुकानदाराने फोन उचलला खरा, पण ती भेटली तर सांगतो, एवढंच म्हणाला. हे टाचणीला सांगायचं की नाही, ह्यावरून आमचा वाद झाला. शेवटी मीच सांगितलं. एकदा नक्की म्हणून तोंडघशी पडले होते, म्हणून या वेळी नक्की म्हणाले नाही. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि तुम्ही?"

"मी ह्या खोलीतून बाहेर येणार नाही. दार लावून शिवत बसेन." सहा कपडे राहिले होते, त्यातला एक तिचा, तोही न कापलेला.

शनिवारी नऊला आमची माणसं निघाली. जाऊ सर्वांत मागे, तोंड फुगवून. फाटकापर्यंत सगळी मुलं पोचवायला गेली, आणि आठवडाभरात पहिल्यांदाच त्यांनी मनापासून हात हलवले. दहापासून बायका यायला लागल्या. मी खिडकीचा पडदा बोटभर सरकवून बघत होते. बाकं भरली. पिंट्या एका म्हातारीच्या मांडीवर जो चढला तो उतरायलाच तयार नाही. कोणी पोरांच्या केसांतून हात फिरवत होतं, कोणी डबा उघडत होतं, कोणी नुसतंच बसलं होतं. टाचणी फाटकाचा गज धरून उभी होती. बारा वाजले. दोन वाजले. मी टीप मारायची आणि उठून बघायची, टीप मारायची आणि उठून बघायची. एक बाही उलटी लावून बसले, तीस वर्षांत पहिल्यांदा. तीन वाजता दोन बायका उठून निघाल्यासुद्धा. देवा, एवढी एकदा माझी लाज राख, असं मी मशीनवर डोकं टेकून म्हणाले. माझ्या लाजेची देवाला काय पडलीय, हे मागाहून सुचलं.

सव्वातीनला डोकं वर केलं तर फाटकावर टाचणी नव्हती.

मग दाराबाहेरच पावलं वाजली. टाचणी एका बाईला हाताला धरून ओढत आणत होती. बाई माझ्या लेकीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल. पायांवर धूळ, खांद्याला गाठोडं. मला बघताच ती उंबऱ्यावर थबकली. "पाहुणे गेलेत म्हणाले होते..."

"मी पाहुणी नाही. मी शिवणवाली," मी म्हटलं. "आत या."

ती आत आली. आधी तिने पोरीला समोर उभं केलं, घेर उलटला आणि तिसऱ्या दुमडीचा दोरा दातांनी तोडून हळूच ओढून काढला. फ्रॉक गुडघ्याखाली आला. मग मी टाचणीचं माप घेतलं, आणि ह्या वेळी तिने गुपचूप हात वर केले. आईने माझी मापं शेजारी उभं राहून ऐकली. "लांबी अजून सहा बोटं धरा," ती म्हणाली. "आठ महिने आहेत." मी धरली. माझ्या मशीनने इतका साधा आणि इतका घाईचा फ्रॉक कधी शिवला नव्हता. घेराच्या दुमडी मात्र मी घातल्या नाहीत. सुई तिच्या हातात दिली.

तिने खाली जमिनीवर बसून तीन दुमडी घातल्या. टाके घालता घालता पोरीला सांगत होती, "गुडघे दिसायला लागले की हा ओढ. मग परत दिसायला लागले की हा."

"आणि तिसरा तू," टाचणी म्हणाली.

"तिसरा मी."

पाचच्या सुमारास ती गेली. टाचणी फाटकापर्यंत गेली आणि परत आली. मला वाटलं होतं रडेल, पण नाही. पटांगणात पोरं खेळत होती त्यात जाऊन मिसळली. माझेच डोळे कुठे ठेवावेत ते मला समजेना, म्हणून मी खोली झाडायला घेतली.

आमची माणसं सहाला आली. जाऊ लंगडत होती, सँडल हातात, दोन्ही टाचांना फोड. "पाचलाच पोचलो होतो," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "वळणावर बसून राहिलो. आतून पोरांचा आवाज येत होता." मी तिला बादलीत कोमट पाणी आणून दिलं. कार्यक्रमाचं तिने नाव काढलं नाही.

मी मशीनवर झाकण घालत होते, तेवढ्यात टाचणी आली. नवा फ्रॉक हातात, आतली बाजू वर.

"मावशी, ह्या तिसऱ्या दुमडीवर मशीनची टीप मारून द्या."

"का गं? तुझ्या आईने चांगली घातलीय."

"हाताचा टाका आहे. चुकून ओढला जाईल. कपडे धुताना निघेल." तिने दुमडीवर बोट ठेवलं. "आई येईपर्यंत नको निघायला."

मी फ्रॉक हातात घेतला आणि तशीच बसून राहिले. टीप मारावी, आणि तिची आई आठाऐवजी दहा महिन्यांनी आली तर? पोर आखूड फ्रॉक घालून हिंडेल, पण दोरा काढू द्यायची नाही, हे मला आता पुरतं कळलं होतं. टीप न मारावी, तर धुण्यात उसवेल आणि हिला काय वाटेल? तीस वर्षं गणवेश शिवतेय, पण कुठली शिलाई पक्की घालायची आणि कुठली कच्ची, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. विचारायचं तरी कोणाला?

"मारा ना," टाचणी म्हणाली.

मी झाकण काढलं, हिरवा दोरा ओवला आणि टीप मारली. तिने ती नखाने ओढून बघितली, आणि फ्रॉक पुन्हा माझ्यापुढे धरला.

"अजून एक."

मी अजून एक मारली.